डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाडीला ऑइल निवडताय? डब्याची पुढची नाही, मागची बाजू वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी एक लिटरची टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनवाली. राहायला साताऱ्यात गोडोलीला, रोजचं जाणं-येणं राजवाडा नाहीतर पोवई नाक्यापर्यंत, आणि रविवारी घरच्यांना घेऊन पाचगणी-महाबळेश्वर नाहीतर कास. वॉरंटी संपत आलीय आणि आता बाहेर सर्व्हिसिंग करायचं म्हणताय. मॅन्युअलमध्ये ऑइलचा ग्रेड, म्हणजे जाडी, ०डब्ल्यू-२० लिहिलंय, पर्याय म्हणून ५डब्ल्यू-३० पण दिलंय, दुकानदार म्हणतोय ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक घ्या सगळ्यात भारीतलं, आणि मेव्हणे म्हणतात आपल्या उन्हाला आणि घाटाला असलं पाण्यासारखं तेल चालत नसतंय, २०डब्ल्यू-५० टाका. कुणाचं ऐकू?

मेव्हण्यांचं ऐकू नका, दुकानदाराचं निम्मं ऐका. सिंथेटिक पाहिजेच, पण ग्रेड मॅन्युअलमधलाच, आणि डब्याच्या मागे एपीआय एसपी (एपीआय म्हणजे तेलाचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था) किंवा त्याच्यापुढचं एसक्यू लिहिलेलं असलं पाहिजे. तुमच्या वापराला मी मॅन्युअलमध्ये परवानगी आहे म्हणून ५डब्ल्यू-३० घालीन, कंपनी कुठली ते सगळ्यात शेवटी बघीन, आणि दहा हजार किलोमीटरची वाट न बघता साडेसात हजाराला नाहीतर वर्षाला, जे आधी येईल तेव्हा बदलीन. झालं उत्तर. आता का ते सांगतो, कारण गॅरेजला येणारे निम्मे लोक हेच विचारतात आणि प्रत्येकाला कुणीतरी वेगळंच सांगितलेलं असतंय.

पहिल्यांदा एक खात्री करा, गाडी खरंच डायरेक्ट इंजेक्शनची आहे का. टर्बो म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन असा समज झालाय लोकांचा, तसं नाही. नेक्सॉनचं १.२ टर्बो पेट्रोल, मॅग्नाइट-कायगरचं १.० टर्बो, ही टर्बो आहेत पण पेट्रोल इनटेकच्या पोर्टमध्येच, म्हणजे सिलिंडरच्या बाहेर हवा आत येते त्या वाटेवर, सोडतात. ह्युंदाई-किया ची टी-जीडीआय, स्कोडा-फोक्सवॅगनची टीएसआय, महिंद्राची टीजीडीआय, मारुतीची बूस्टरजेट, ही डायरेक्टवाली. एक्सयूव्ही ३०० ला तर १.२ टर्बोमध्ये दोन्ही प्रकार येऊन गेलेत, त्यामुळं नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. डिझेलवाल्यांनी हे उत्तर वाचून ऑइल घेऊ नये, तिकडं डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, वेगळा विषय आहे, राख कमी असलेलं ऑइल लागतंय.

तर डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टर पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत मारतो, तेही प्रचंड प्रेशरनं. पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही बरं मिळतं, पण ऑइलच्या डोक्यावर चार नवीन कामं येऊन बसतात. पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवर बसून खाली चेंबरमधल्या ऑइलमध्ये उतरतं. पेट्रोल इंजिन असून डिझेलसारखी बारीक काजळी धरते आणि ती टायमिंग चेनच्या पिना झिजवते. इनटेक वॉल्ववर कार्बन बसतो. आणि चौथं, सगळ्यात वाईट, खालच्या आरपीएमला जोर दिला की कधी कधी स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटतं.

या चौथ्यावरच जरा जास्त बोलतो, कारण ऑइल निवडताना खरा फरक इथं पडतो आणि आपल्या भागाशी त्याचा थेट संबंध आहे. इंग्रजीत त्याला लो स्पीड प्री-इग्निशन म्हणतात, एलएसपीआय. होतं असं की पिस्टनच्या वरच्या रिंगपाशी जी बारीक फट असते तिथं ऑइल आणि पेट्रोल एकत्र होऊन थेंब धरतात, इंजिन दीड-दोन हजार आरपीएमला असताना तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला, टर्बोनं भरपूर हवा आत कोंबली, की तो थेंब उडून सिलिंडरमध्ये येतो आणि पिस्टन अजून वर चढतोय तोवरच आग लागते. वर चढणाऱ्या पिस्टनवर हा स्फोट. साधं नॉकिंग असेल तर नॉक सेन्सर स्पार्क मागं सरकवून सांभाळून घेतो, पण इथं आग स्पार्कनं लागलेलीच नाही, मग सेन्सर करणार काय? एका दणक्यात पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटू शकते, प्लगचं चिनी मातीचं टोक उडू शकतं, कनेक्टिंग रॉड वाकलेलंही बघितलंय.

आता पसरणी घाट आठवा. वाईतून वर निघालं की गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू, पुढं एसटी, आणि मॅन्युअल गिअरवाला माणूस चौथ्यात. गाडी कण्हतेय पण टर्बोच्या टॉर्कमुळं खेचतेय, मग कशाला गिअर कमी करा, अ‍ॅव्हरेज पडेल. हेच ते, हीच नेमकी परिस्थिती, लॅबमध्ये ज्या टेस्टवर ऑइल तपासतात ती इंजिनला अशीच दमवते. मेढ्यावरून केळघर घाटानं जा नाहीतर यवतेश्वरनं कासला जा, तीच कथा. तिसरा टाका, आरपीएम अडीच हजाराच्या वर ठेवा, दोन रुपयांचं पेट्रोल जास्त जाऊ द्या. ऑटोमॅटिकवाल्यांना ही काळजी कमी, गाडी स्वतः गिअर पाडते.

ऑइलचा यात काय हात? ऑइलमध्ये घाण धुऊन काढायला डिटर्जंट असतंय, बरीच वर्षं ते मुख्यतः कॅल्शियमचं असायचं. तपासणीत दिसलं की कॅल्शियम जास्त असलं की ही प्री-इग्निशन वाढते, मॅग्नेशियमनं तसं होत नाही. म्हणून फॉर्म्युले बदलले, कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम आणलं. २०१८ मध्ये एपीआयनं एसएन प्लस काढलं ते मुख्यतः याच्यासाठी, आणि मे २०२० ला एपीआय एसपी आलं त्यात प्री-इग्निशनची टेस्ट आणि टायमिंग चेन झिजण्याची टेस्ट दोन्ही आल्या. मार्च २०२५ पासून एसक्यू सुरू झालंय. नवीन अक्षर जुन्याला धरून असतंय, म्हणजे जिथं एसएन सांगितलंय तिथं एसपी चालतं. उलटं नाही. मॅन्युअल एसपी म्हणत असताना स्वस्त मिळालं म्हणून एसएन घालायचं नाही.

आणि इथंच दुकानदाराच्या त्या ५डब्ल्यू-४० ची गडबड आहे. तेल वाईट आहे असं नाही, जुन्या पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांना एकदम मस्त. पण बाजारात ५डब्ल्यू-४० चे बरेच डबे अजून एपीआय एसएन आणि एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना, तिचे वेगळे दर्जे असतात) ए३/बी४ वाले आहेत, म्हणजे जुन्या पद्धतीचं, कॅल्शियमवालं. पुढं सोनेरी अक्षरात फुल सिंथेटिक लिहिलंय, किंमत पण तगडी, आणि तुमच्या इंजिनला जी गोष्ट पाहिजे ती नेमकी त्यात तपासलेली नाही. त्यापेक्षा निम्म्या किमतीचं एसपी लिहिलेलं योग्य ग्रेडचं तेल मी डोळे झाकून घालीन. युरोपियन मार्किंग बघणार असाल तर एसीईएच्या २०२१ च्या यादीतल्या ए७/बी७ आणि सी६ मध्ये ही टेस्ट घेतलीय. टीएसआयवाल्यांना आणखी एक पायरी आहे, फोक्सवॅगनचे स्वतःचे नंबर असतात, ५०४ ००, ५०८ ०० असे, त्यात मॅन्युअलमध्ये जो नंबर आहे तोच डब्यावर पाहिजे, आणि मजकूर नीट वाचा, अप्रूव्हड वेगळं आणि ‘शिफारस’ किंवा ‘सूटेबल फॉर’ वेगळं. पहिल्यात गाडीवाल्या कंपनीनं सही केलेली असते, दुसऱ्यात ऑइलवाला स्वतःच म्हणतोय की चालेल.

आता ग्रेड, म्हणजे मेव्हण्यांचा मुद्दा. जाड तेल म्हणजे जास्त संरक्षण हे पूर्वीच्या इंजिनांसाठी खरं होतं, जीप-अ‍ॅम्बेसिडरच्या काळात फटी मोठ्या होत्या, २०डब्ल्यू-५० च चालायचं. आताच्या इंजिनात बेअरिंगच्या फटी बारीक, व्हॉल्व टायमिंग ऑइलच्या प्रेशरवर बदलतं, टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते ती ऑइलच्या पातळ थरावर. तिथं सकाळी स्टार्टर मारल्या मारल्या तेल पोचलं पाहिजे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा, ० म्हणजे उणे ३५ ला इंजिन फिरण्याची टेस्ट, ५ म्हणजे उणे ३०. लोक म्हणतात साताऱ्यात कुठं उणे ३५. बरोबर आहे. पण ४० डिग्रीला, म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या दुपारी उभ्या गाडीत, ०डब्ल्यू-२० ची जाडी साधारण ४५ सेंटिस्टोकच्या (जाडी मोजायचं माप) आसपास असते आणि २०डब्ल्यू-५० ची दीडशेच्या वर. तिप्पट-चौपट फरक, तोही उन्हाळ्यात. मग जानेवारीत सकाळी सहाला विचारच करू नका.

मागचा आकडा गरम इंजिनचा. १०० डिग्रीला २० ग्रेड म्हणजे ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, ३० म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३. याच्यापेक्षा महत्त्वाचा आणखी एक आकडा असतो, एचटीएचएस, १५० डिग्रीला रगडल्यावर थर किती टिकतो त्याचा. २० ग्रेडला किमान २.६, ३० ला २.९, आणि एसीईए सी३ वाल्या ३० ग्रेडला ३.५. घाटात पूर्ण लोडनं चढताना, आणि ऑइलमध्ये पेट्रोल मिसळून ते आधीच थोडं पातळ झालेलं असताना, हा राखीव साठा कामाला येतो. ३० ग्रेडचं तेल पेट्रोल मिसळून पार २० च्या हद्दीत घसरू शकतं. मग २० पासूनच सुरुवात केली तर कुठं जाणार? म्हणून म्हटलं, मॅन्युअल दोन्ही चालतात म्हणतंय तर तुमच्या वापराला ५डब्ल्यू-३०. अ‍ॅव्हरेजमध्ये फरक पडेल, पण तो जाणवण्याइतका नसतो. पण ज्यांच्या मॅन्युअलमध्ये फक्त ०डब्ल्यू-२० आहे त्यांनी हुशारी करू नका, तिथं ऑइल पंप आणि बेअरिंग त्याच हिशोबानं बनवलेलं असतंय, ०डब्ल्यू-२० च घाला आणि लवकर बदला.

वॉल्ववरचा कार्बन हा तिसरा विषय. पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल वॉल्वच्या पाठीवर पडायचं, ते सतत धुऊन निघायचं. डायरेक्टमध्ये पेट्रोल तिथं पोचतच नाही. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोटातली, ऑइलची वाफ ती बाहेर काढणाऱ्या पीसीव्हीच्या नळीतून इनटेकमध्ये येते आणि गरम वॉल्ववर बसून करपते, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर जसा चिकट काळा राप चढतो अगदी तसा. तर ज्या तेलाची वाफ कमी होते ते बरं. ते मोजायची टेस्ट नोआक नावाची, २५० डिग्रीला एक तास तापवून किती टक्के तेल उडून गेलं ते बघतात. एपीआय एसपीच्या या ग्रेडना १५ टक्क्यांपर्यंत चालतं, एसीईएच्या सी३ सारख्या वर्गात मर्यादा १३. मी १० च्या खालचं शोधतो. हा आकडा डब्यावर नसतो, कंपनीच्या वेबसाइटवर त्या ऑइलची टेक्निकल डेटा शीट असते त्यात बघायचा. ज्यांनी दिलेलाच नाही त्यांचा मला जरा संशयच येतो, पण तो माझा स्वभाव. आणि हो, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरू नका. ‘असू दे थोडं जास्त’ म्हणून उरलेलं सगळं ओततात पोरं, ते फेसाळतं आणि त्याच नळीनं वॉल्ववर जातं.

सिंथेटिक या शब्दावर पण फार भाळू नका. १९९९ ला अमेरिकेत कॅस्ट्रॉल आणि मोबिल यांच्यात जाहिरातीवरून वाद झाला होता, तिथल्या जाहिरात तपासणाऱ्या संस्थेनं कौल दिला की कच्च्या तेलावर जबर प्रक्रिया करून केलेलं बेस ऑइल, ज्याला ग्रुप ३ म्हणतात, त्यालाही सिंथेटिक म्हणायला हरकत नाही. त्याच्या आधी लोक सिंथेटिक म्हणजे ग्रुप ४ चं पीएओ नाहीतर एस्टर, म्हणजे रसायनांपासून बनवलेलं बेस ऑइल, असंच समजायचे. आज फुल सिंथेटिक लिहिलेले बहुतेक डबे मुख्यतः ग्रुप ३ चेच, आणि ते काही वाईट नाही, चांगलं ग्रुप ३ तुमच्या गाडीला भरपूर झालं. फक्त ‘सिंथेटिक टेक्नॉलॉजी’, ‘सिंथेटिक ब्लेंड’, ‘सेमी’ असं लिहिलेलं असलं तर त्यात साधं मिनरल तेल मिसळलेलं असू शकतं, ते टर्बो डायरेक्ट इंजेक्शनला नको. टर्बोच्या बेअरिंगमध्ये गरम तेल उभं राहिलं की मिनरल लवकर करपून कडक होतं.

कंपनी कुठली? मोबिल, शेल, कॅस्ट्रॉल, मोटुल, व्हॅल्व्होलिन, गल्फ, आपली सर्वो, एचपी, मॅक, सगळ्यांकडं बरं तेल आहे आणि सगळ्यांकडं तुमच्या गाडीला न चालणारं तेल पण आहे. म्हणून एकाच कंपनीचं नाव सांगत नाही, सांगितलं की माणूस त्या नावाचा कुठलाही डबा उचलून येतो. डुप्लिकेटचा त्रास मात्र खरा आहे. ऑनलाइन एकदम पडेल भावात दिसलं तर सोडून द्या, अधिकृत डीलरकडनं बिल घेऊन घ्या, झाकणाखालचं सील, बॅच नंबर, तारीख बघा, क्यूआर असेल तर स्कॅन करा. आणि रिकामा डबा गॅरेजला सोडू नका, सुरीनं फाडून टाका. असले कोरे डबे विकत घेणारे फिरत असतात, ते कशाला घेतात ते तुम्हीच ओळखा. सुट्टं तेल टॉप-अपला कधीच नाही.

आता बदलायचं कधी. तुमचं राजवाडा-गोडोली हे ऑइलला महाबळेश्वरपेक्षा जड जातंय, हे लोकांना पटत नाही. दोन-तीन किलोमीटरमध्ये इंजिन गरम होतं, ऑइल होत नाही, त्याला जास्त वेळ लागतो. थंड इंजिनला पेट्रोल जास्त मारलं जातं, ते भिंतीवरनं ऑइलमध्ये उतरतं आणि उडून जायला पाहिजे तेवढी उष्णता मिळतच नाही. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आपल्याच भागातले साखर कारखाने बनवतात ते, चांगलं आहे, शेतकऱ्याला पैसे मिळतात, पण इथेनॉल ओलावा धरतं, आणि छोट्या फेऱ्यांमध्ये तो ओलावा पण ऑइलमध्ये साठत जातो. म्हणून रविवारची घाटाची लांब फेरी ऑइलसाठी उलट औषधच आहे, तासभर नीट तापलं की पेट्रोल-पाणी बरंचसं उडून जातं.

दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक बघायची सवय लावा. सपाट जागा, इंजिन गरम, बंद करून दहा मिनिटं थांबून. पातळी कमी झालीय का हे सगळे बघतात, तुम्ही वाढलीय का ते पण बघा. ऑइल न घालता पातळी वर सरकलीय आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय म्हणजे पेट्रोल उतरतंय, मग साडेसात हजाराची पण वाट बघायची नाही, लगेच बदला, आणि परत तसंच झालं तर इंजेक्टर तपासून घ्या. एक गाडी अशी आली होती, मालक खूश की माझी गाडी ऑइल खातच नाही, उलट वाढतंय! ड्रेन नट काढला तर तेल पाण्यासारखं धो धो आलं. वेळेत आली म्हणून बेअरिंग वाचली.

फिल्टर दर वेळी नवीन, ड्रेन नटचा वॉशर नवीन. इंजिन फ्लश नको, वरनं घालायच्या बाटल्या नकोत, एसपी ऑइलमध्ये केमिकलचा हिशोब जुळवून आणलेला असतो, त्यात आपण काय माहीत नसलेलं ओतायचं आणि कॅल्शियम परत वाढवून ठेवायचं, कशाला. घाट चढून टेबललँडला पोचल्यावर लगेच किल्ली फिरवू नका, अर्धा-एक मिनिट चालू राहू द्या, टर्बो थंड होतो. बऱ्याच नव्या गाड्यांत बंद केल्यावरही पाणी फिरवणारा छोटा पंप असतो, तरी सवय चांगली.

वॉरंटी अजून थोडी शिल्लक आहे म्हणताय, तर बाहेर ऑइल बदललं तरी बिलावर ग्रेड, एपीआय क्लास, किलोमीटर आणि गाडी नंबर लिहून घ्या, डब्याच्या मागच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. उद्या क्लेम लागला तर पहिला प्रश्न तोच येतो.

शेवटी कार्बनचं, कारण ऑइल बदलायला गेलात की कुणीतरी डिकार्ब, म्हणजे कार्बन साफ, करून घ्या म्हणणार. पेट्रोलच्या टाकीत ओतायची जी बाटली असते ती इंजेक्टरचं तोंड साफ करते, इनटेक वॉल्वला तिचा थेंब पण लागत नाही, पेट्रोल तिथनं जातच नाही हे वर सांगितलं. वॉल्व साफ करायचा खात्रीचा मार्ग म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड खोलून अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या प्रेशरनं मारणे, ते इंजिन गार असताना, त्या सिलिंडरचे वॉल्व बंद ठेवून, आणि ज्याला येतंय त्यानंच. तुमच्या गाडीला आज त्याची गरज वाटत नाही. सकाळी थंड इंजिन थरथरत असेल, मिसफायरचा कोड येत असेल, पिकअप हळूहळू मेल्यासारखा झाला असेल, तर कॅमेरा घालून वॉल्व बघा आणि मग ठरवा. लक्षणं नसताना खोलायचं नाही.